घरातले डंखणारे जीव : ओळख आणि उपाय



या अंकाचा आरोग्यपाठ घरात आणि अंगणात डंख मारणाऱ्या जिवांविषयी आहे. रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर मी परिचारिका म्हणून गेली अठरा वर्षे काम करते. आमच्या दवाखान्यात ताप, खोकला आणि खरूज यांच्या खालोखाल जी तक्रार येते ती म्हणजे “काहीतरी चावलं.” हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे मी सगळ्यात आधी विचारते. पुढे काय करायचे ते बहुतेक वेळा त्याच उत्तरावर ठरते.

महिला मंडळाच्या सभेत किंवा शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गात एका बैठकीत वाचून होईल, अशा बेताने हा पाठ लिहिला आहे. वाडीवरच्या कुडाच्या घराला जे लागू आहे त्यातले बरेचसे शहरातल्या घरालाही लागू आहे. गांधीलमाशी खिडकीच्या छज्जाखाली घर बांधते, आणि आग्या मोहोळ पाण्याच्या टाकीलाही लटकते.

पाठाचे मुख्य सूत्र आधीच सांगून ठेवते. बहुतेक डंख काहीही न करता बरे होतात, आणि थोडेसे डंख जीव घेतात. पण सुरुवातीला दोन्हींवर एकच उपाय होतो: चुना, कांदा, पाला, नाहीतर उतारा. जे आपोआप बरे होणार होते ते बरे झाले की त्या उपायाचे नाव होते. मग जिथे वेळ घालवायचा नाही तिथेही लोक त्याच उपायाची वाट बघत बसतात. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

१. डंख आणि चावा

आपण बोलताना सरसकट ‘चावला’ म्हणतो. विंचूही चावतो आणि मधमाशीही चावते. खरे तर चावा तोंडाने घेतला जातो आणि डंख शेपटाकडच्या टोकाने मारला जातो. मधमाशी, गांधीलमाशी, काही मुंग्या आणि विंचू हे डंख मारणारे. मुंगळा आणि घोण हे चावणारे.

माश्या आणि मुंग्यांमध्ये डंख फक्त मादीला असतो, कारण तो अंडी घालण्याच्या अवयवापासूनच बनलेला आहे. घराच्या वाशाला भोक पाडणारा मोठा काळा भुंगा तोंडासमोर येऊन घोंघावतो, तेव्हा तो बहुधा नर असतो आणि त्याला डंखच नसतो. मादीला असतो, पण ती हातात धरल्याशिवाय सहसा मारत नाही.

२. मधमाश्या

आपल्या भागात डंख मारणाऱ्या तीन मधमाश्या नेहमी दिसतात.

सातेरी: ही झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधाऱ्या जागी राहते. तिची पोळी एकापेक्षा जास्त आणि एकमेकांना समांतर असतात. स्वभावाने शांत, म्हणून ती पेटीत पाळता येते. महाबळेश्वरच्या परिसरात तिच्या पेट्या पिढ्यान् पिढ्या पाळल्या जातात. तिथल्या मांघर गावाला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ हा मान मिळाला.

फुलोरी: ही तिघींत सर्वांत लहान. झुडपात किंवा कुंपणात तळहाताएवढे एकच पोळे करते. धक्का लागला तर डंख मारते, पण फार पाठलाग करत नाही.

आग्या: ही सर्वांत मोठी आणि सर्वांत तापट. उंच झाडाची फांदी, डोंगराचा कडा, पुलाची कमान, पाण्याची टाकी, कधी मंदिराचा मनोरा अशा जागी तिचे एकच मोठे, उघडे पोळे लटकते. तिच्या वाटेला कोणी गेले नाही तर पोळे महिनोन् महिने शांत असते. धूर, फटाके, मुलांनी मारलेला दगड किंवा एखाद्या घारीची झडप यांनी ते उठते, आणि मग एक-दोन नव्हे, शेकडो माश्या अंगावर येतात.

मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात. तो कातडीत रुतला की विषाच्या पिशवीसकट तिथेच राहतो आणि माशी मरते. पण ती पिशवी नंतरही काही क्षण विष आत ढकलत राहते. म्हणून काटा ताबडतोब काढायचा. आम्हाला शिकताना सांगत, की काटा चिमटीत धरू नये, पिशवी दाबली जाते. पत्त्याच्या किंवा सुरीच्या बोथट कडेने खरवडून काढावा. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, की चिमटीने काढला काय किंवा खरवडला काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो उशिरामुळे. सुरी शोधायला घरात जाऊ नका. नखाने काढा, पण लगेच काढा.

दुसरी गोष्ट वासाची. मधमाशी डंख मारते तेव्हा पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि तो इतर माश्यांना तिकडे बोलावतो. म्हणून एक डंख बसला की तिथे उभे राहून माश्या मारायच्या नाहीत. डोके आणि तोंड कापडाने झाकून सरळ पळायचे, ते घरात किंवा गाडीत शिरून दार बंद होईपर्यंत. पाण्यात उडी मारून उपयोग नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि माणसाला श्वासासाठी डोके वर काढावेच लागते.

३. गांधीलमाशी आणि कुंभारीण

गांधीलमाशीची कंबर बारीक, अंग गुळगुळीत, पाय उडताना खाली लोंबलेले. रंग पिवळा-तपकिरी, किंवा काळ्यावर पिवळा-नारिंगी पट्टा. तिचे घर मेणाचे नसते. लाकडाचा भुसा चावून ती कागदासारखा लगदा करते आणि त्याची घरटी पागोळीखाली, दाराच्या चौकटीवर, विजेच्या मीटरच्या पेटीत बांधते. तिच्या काट्याला मधमाशीसारखे मोठे दाते नसतात. त्यामुळे काटा कातडीत राहत नाही आणि एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखाच्या जागी काटा दिसला तर ती मधमाशी. दिसला नाही तर बहुधा गांधीलमाशी.

कुंभारीण माशी मात्र गरीब. भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, कधी टांगलेल्या कपड्याच्या घडीत ती चिखलाचे मडके बनवते आणि त्यात अळ्या किंवा कोळी भरून ठेवते. ते तिच्या पिलांचे अन्न. ती एकटी राहते. राखायला मोठा संसार नसल्यामुळे ती माणसाच्या मागे लागत नाही. तिचे मडके पाडायला आगपेटी घेऊन धावण्याचे कारण नाही.

४. मुंग्या, घोण आणि केसाळ अळी

आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना डंख नसतो. त्या कडकडून चावतात आणि चाव्यावर आम्ल सोडतात, म्हणून आग होते. पाण्याने धुतले की तासाभरात शमते. अंगणातल्या बारीक लाल मुंग्या मात्र खरोखर डंख मारतात आणि नंतर पुटकुळी येते. ती फोडू नये.

घोण रात्री ओलसर जागी फिरते. तिच्या डोक्यामागची पायांची पहिली जोडी विषारी चिमट्यासारखी असते, आणि ती चावल्यावर दोन बारीक टोचल्याच्या खुणा दिसतात. दुखते पुष्कळ, सूजही येते, पण जिवाला धोका क्वचितच. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय बुडवून ठेवल्याने आराम पडतो. पाणी आधी दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तपासावे. दुखणाऱ्याला चटका कळत नाही. पावसाळ्यात भिंतीवरून झुंडीने चढणारे, बोट लावताच वेटोळे करणारे वाणी किडे चावतही नाहीत आणि डंखही मारत नाहीत.

केसाळ अळीचे केस अंगात रुततात. चोळायचे नाही. चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काढायची, म्हणजे केस तिच्यासोबत निघतात. मग साबणाने धुवायचे.

५. साध्या डंखावर काय करावे

मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगी यांचा एखाद-दुसरा डंख असेल तर एवढेच पुरे:

काटा असल्यास काढा. साबण आणि पाण्याने धुवा. हाताला डंख असेल तर अंगठी आणि बांगड्या, पायाला असेल तर जोडवी लगेच उतरवा. सूज आल्यावर ती कापावी लागतात. कापडात बर्फ, नाहीतर माठातल्या पाण्याची ओली घडी दहा-दहा मिनिटे ठेवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, खाज असेल तर सेट्रिझिन. मुलांना किती द्यायचे ते वजनावरून दवाखान्यात विचारून घ्या. सूज दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसते, त्याने घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली पसरत चालली, ताप आला किंवा पू धरला तर दाखवा.

आता जे करू नये ते. चुना लावू नये. विष आम्ल असते आणि चुन्याने ते मरते, असे पुष्कळांना वाटते. मधमाशीच्या विषातला मुख्य त्रासदायक भाग हा एक प्रथिनासारखा पदार्थ आहे, आणि तो कातडीच्या आत गेलेला असतो. वर लावलेला चुना तिथे पोचत नाही. तो फक्त कातडी भाजतो. रॉकेल, बॅटरीतली पूड, ब्लेडने चीर पाडणे, तोंडाने शोषणे, करकचून दोरी बांधणे हे सगळे घातक आहे. चीर पाडून चिघळलेले पाय मी डंखापेक्षा जास्त दिवस धुतले आहेत.

६. तीन वेळा थांबायचे नाही

पहिली वेळ, अंग विषाला उलटते तेव्हा. काही माणसांना एकच डंख झेपत नाही. काही मिनिटांत, बहुतेक अर्ध्या तासाच्या आत, डंखापासून लांब अंगभर गांधी उठतात. ओठ आणि डोळे सुजतात. आवाज घोगरा होतो. छातीत घरघर, उलटी, चक्कर. असे झाले की सेट्रिझिनवर भरवसा ठेवायचा नाही. या प्रसंगी जीव वाचवणारे औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. १०८ ला फोन करा. माणसाला आडवे झोपवून पाय उंच ठेवा; दम लागला असेल तर बसू द्या. पण त्याला उभे करू नका आणि चालवत नेऊ नका. मागच्या वर्षी डंख झाला तेव्हा काही झाले नाही, यावरून या वर्षी होणार नाही असे ठरत नाही.

दुसरी वेळ, डंख पुष्कळ असतील तेव्हा. आमच्या दवाखान्यात आम्ही असे धरतो, की मोठ्या माणसाला तीस-चाळीस किंवा लहान मुलाला दहा-बारा डंख असतील तर तो बरा दिसत असला तरी रुग्णालयात पाठवायचा. एवढे विष स्नायूंना आणि मूत्रपिंडांना इजा करते आणि ती इजा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघड होते. लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी झाली तर तो इशारा समजा.

तिसरी वेळ, डंख तोंडात किंवा घशात असेल तेव्हा. उघड्या ठेवलेल्या सरबताच्या पेल्यात गांधीलमाशी शिरते आणि मूल तिच्यासकट घोट घेते. सूज आतल्या आत श्वास अडवू शकते. थंड पाणी तोंडात धरायला द्या आणि निघा.

७. विंचू

विंचू हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या कुळातला. पण घरातल्या डंखांचा पाठ कोकणात त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार ओळखायचे. मोठा काळा विंचू, ज्याला इंगळी म्हणतात, तो दिसायला भयंकर. त्याचे पुढचे चिमटे खेकड्यासारखे जाड असतात आणि मागची नांगी मानाने बारीक. त्याचा डंख खूप झोंबतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. लाल विंचू त्याच्यापुढे किरकोळ दिसतो. रंग तांबूस-पिवळसर, चिमटे बारीक, पण शेपूट जाड. धोका या किरकोळ दिसणाऱ्यात आहे. मुलांना आम्ही असे शिकवतो: “चिमटा जाड, भीती थोडी, शेपूट जाड, पळव गाडी.”

लाल विंचवाचे विष आपल्या शरीरातल्या त्या नसांना चेतवते ज्या आपल्या इच्छेशिवाय हृदय, घाम आणि रक्तवाहिन्या चालवतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर अचानक मोठा ताण येतो, ते थकते आणि फुप्फुसात पाणी भरू लागते. मुलांमध्ये हे सगळे काही तासांत होऊ शकते.

याची लक्षणे नीट समजून घ्या. डंखाच्या जागी असह्य वेदना आहेत, मूल मोठ्याने रडते आहे, पण हातपाय उबदार आहेत, उलटी नाही, भलता घाम नाही, तर बहुतेक वेळा विष अंगात फारसे पसरलेले नसते. उलट मूल गप्प झाले, अंग घामाने निथळते आहे, उलट्या होत आहेत, लाळ गळते आहे, हातपाय गार पडले आहेत, तर धोका आहे. मग डंखाच्या जागी दुखो अथवा न दुखो. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येते. संकोचामुळे हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारावे लागते. खोकला, दम आणि तोंडाला गुलाबी फेस ही फार उशिराची लक्षणे आहेत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी वीटभट्टीवर नऊ वर्षांच्या एका मुलाला रात्री पायाला विंचू लागला. तासभर त्याने भट्टी डोक्यावर घेतली. उतारा झाला. मग तो शांत झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याची आत्या आमच्या वाडीवरच्या पाठाला बसलेली होती. तिने त्याचे पाय चाचपले. ते गार होते आणि अंगाखालची गोधडी ओली. तिने मुकादमाला उठवून गाडी काढायला लावली. रुग्णालयात पोचेपर्यंत त्याने दोनदा उलटी केली होती. तिसऱ्या दिवशी तो परत आला, आणि चौथ्या दिवशी विटांच्या रांगांवरून उड्या मारत होता. ‘शांत झाला’ याचा अर्थ त्या रात्री त्या एकट्या बाईने बरोबर लावला.

८. महाडचे काम

या लक्षणांची ओळख आपल्याला ज्यांनी करून दिली ते आपल्याच जिल्ह्यात काम करत होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला असताना लाल विंचवाच्या डंखाने येणारी माणसे रात्र-रात्र जवळ बसून तपासली आणि नोंदी ठेवल्या. उलटी, घाम, गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची पूर्वसूचना असते, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि या रुग्णांना वाचवते, हे त्यांनी दाखवले. पूर्वी जिथे गंभीर रुग्णांपैकी पुष्कळ जण दगावत तिथे मृत्यू फार कमी झाले. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरची लसही तयार होते. ती प्राझोसिनच्या जोडीने दिली तर रुग्ण लवकर सुधारतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच अभ्यासात दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन घरी ठेवून आपल्या मनाने देऊ नये. त्याने रक्तदाब एकदम उतरतो आणि उठून बसलेला रुग्ण चक्कर येऊन पडतो. ते देखरेखीखालीच द्यायचे. आपले काम एवढेच, की मूल वेळेत तिथे पोचवायचे.

म्हणून विंचवाच्या डंखाला: माणसाला आडवे ठेवा, चालवू नका. डंखावर कापडात बर्फ किंवा थंड घडी ठेवा. दोरी बांधू नका, चीर पाडू नका. विंचू शोधत बसू नका. समोर असेल तर लांबून मोबाइलवर फोटो घ्या. डंखाची वेळ लक्षात ठेवा. लहान मूल असेल किंवा विंचू लाल असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जा आणि चोवीस तास तिथे राहण्याची तयारी ठेवून जा.

९. भगत आणि आपण

वाडीवर विंचू लागला की पहिली हाक भगताला जाते. तो उताराही करतो आणि धीरही देतो. त्याचा उतारा दहापैकी बहुतेक वेळा ‘लागू पडतो’, कारण बहुतेक डंख जीवघेणे नसतातच. हे मी भगताला हसून सांगितले असते तर त्याने माझ्याकडे पाठ फिरवली असती आणि वाडीनेही. म्हणून आम्ही त्यालाही पाठाला बोलावले. आमच्या भागातल्या दोन भगतांशी एवढाच करार आहे: उतारा करा, पण हातपाय गार आहेत का ते आधी बघा, गार असतील तर गाडी मागवा, आणि मंत्र गाडीत म्हणा. त्यांतला एक जण आता स्वतः १०८ ला फोन लावतो, आणि मुलाबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत येतो.

काही वाचकांना हा करार रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे इतकेच, की आपणही आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो आणि ती गाडी थांबवून करत नाही. डंख झालेल्या मुलाच्या हाती तास थोडे असतात. ज्याची हाक वाडी ऐकते त्याच्याच तोंडून “चला दवाखान्यात” निघाले, तर ते माझ्या दहा भाषणांपेक्षा लवकर ऐकले जाते.

१०. घर राखणे

विंचवाचे डंख उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात वाढतात. भातकापणीच्या दिवसांत पेंढा आणि भारे उचलतानाही होतात. बहुतेक डंख हाताला नाहीतर पायाला, आणि बहुतेक अंधारात. त्यावरून काळजी कोणती घ्यायची ते उघड आहे.

लाकूडफाटा, गोवऱ्या, कौले, विटा यांचे ढीग भिंतीला चिकटून रचू नयेत. हाताचे अंतर ठेवावे. फाटे काढताना आधी काठीने हलवावेत. कुडाच्या भिंतीच्या भेगा शेणमातीने पावसाच्या आधी लिंपाव्यात. अंथरूण घालण्यापूर्वी झटकावे; पादत्राणे आणि दोरीवरचे कपडेही झटकूनच घालावेत. जमिनीवर निजण्यापेक्षा खाटेवर निजावे, खाट भिंतीपासून दूर ठेवावी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. विंचवाला गुळगुळीत पृष्ठावर चढता येत नाही. म्हणून खाटेचे पाय काचेच्या रुंद बरण्यांत ठेवण्याची युक्ती कामाची आहे. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि चप्पल, दोन्ही. पायाच्या आधी उजेड पडला पाहिजे.

विंचू अतिनील दिव्यात हिरवट चमकतो. असा छोटा दिवा बाजारात मिळतो. आमच्या वसतिगृहात निजण्यापूर्वी मोठी मुले त्या दिव्याने खोलीचे कोपरे तपासतात, आणि ते काम त्यांना फार आवडते. मात्र त्या दिव्यात डोळे लावून बघू द्यायचे नाही.

गांधीलमाशीचे घर सुरुवातीला रुपयाएवढे असते आणि त्यात एकच माशी असते. पागोळ्या दर आठवड्याला बघितल्या तर ते तेव्हाच काढता येते. मोठे झाल्यावर मात्र जाणत्याला बोलवावे. पेटता बोळा धरू नये. गवताच्या छपराला आग लागते.

आग्या मोहोळाला दिवसा धूर, दगड किंवा पाण्याचा फवारा कधीही नाही. मंदिराच्या किंवा शाळेच्या इमारतीवर मोहोळ असेल तर खालची वाट दोरी बांधून बंद करावी, लग्नसराईत फटाके आणि जनित्र दूर ठेवावे, आणि ते काढण्यासाठी अग्निशमन दल किंवा प्रशिक्षित मध गोळा करणाऱ्यांना विचारावे. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयात या कामाची माहिती मिळते. कातकरी माणसाला हे काम पिढीजात येते. त्याला बोलावले तर त्याच्या कौशल्याचा पुरा मोबदला द्यावा. “मध तूच घे” एवढ्यावर भागवू नये. आणि वाटेत न येणारे मोहोळ तसेच राहू द्यावे. आपल्या शेतातल्या आणि परसातल्या कितीतरी फळभाज्या या माश्यांच्या फिरण्यावर धरतात.

उजळणीसाठी प्रश्न

१. डंखाच्या जागी काटा राहिला आहे. कोणत्या माशीचा डंख असेल? तो काढताना सर्वांत महत्त्वाचे काय?
२. लाल विंचू आणि इंगळी यांच्या चिमट्यांत आणि शेपटांत काय फरक?
३. विंचू लागलेले मूल रडायचे थांबले. कोणत्या तीन गोष्टी लगेच बघाल?
४. एका डंखानंतर अंगभर गांधी आणि आवाज घोगरा. कोणते औषध लागेल, आणि ते कुठे मिळेल?
५. आपल्या मंडळीतून वाडीवर शिबिराला जाणाऱ्यांच्या सामानात या पाठावरून कोणत्या वस्तू हव्यात?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मीच थोडे सांगते, कारण पुढच्या तिमाहीत तुमच्यापैकी काही जण येणार आहात. प्रत्येकी एक बॅटरी, बंद बूट, आणि परत जाताना मागे ठेवता येईल अशी एक मच्छरदाणी. गेल्या वर्षी एका मंडळीने कपड्यांऐवजी चाळीस बॅटऱ्या पाठवल्या. वाडीवर त्या दाराच्या मागे खिळ्याला टांगलेल्या असतात, मुलांच्या हाताला लागतील इतक्या उंचीवर.